विहीणबाईंच्या मापाची बाथरूम

विहीणबाईंना,

उभ्यानेच नमस्कार. वाकून केला असता, पण एकदा वाकले की सरळ करायला घरातलं कोणीतरी बोलवावं लागतं, आणि घरातल्या माणसांना बोलवायचा मला सध्या किती कंटाळा आला आहे ते पुढे कळेलच. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, वॉकर घेऊन तुम्ही वॉर्डच्या टोकापर्यंत जाऊन येता आणि वाटेत बाकीच्या पेशंटना चालायचं कसं ते शिकवता, हे सगळं कानावर आलं. जेवण जातं आहे असंही कळलं. ते कधी जात नव्हतं म्हणा. इकडे आम्ही सगळे बरे. माझा गुडघा जिना पाहिला की कुरकुरतो, पण तो माझ्याच घरचा असल्यामुळे मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

हे पत्र तुमची लेक लिहिते आहे. मला अक्षर येत नाही आणि तुमच्या जावयांचं अक्षर कोणालाच येत नाही, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आईला जाणारं पत्र लेकीकडूनच लिहून घ्यायचं म्हणजे जरा अडचणीचं, कारण तिच्याविषयी काही सांगायला लागलं की पेन अडखळतं. (आत्ताच अडखळलं. मी म्हटलं, लिही. तेव्हा चाललं.) मी मधूनमधून तिच्याकडून वाचून घेते आहे. माझी वाक्यं मला पाठ असतात, त्यामुळे गाळलेलं लगेच कळतं.

येत्या सोमवारी तुम्हाला सोडणार. नर्सबाईंनी विचारलं, इथून कुठे जाणार, आणि तुम्ही सांगितलंत, माझ्या घरी. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात दुसरं माणूस नाही, आणि ज्या बाथरूममध्ये तुम्ही पडलात ती तिथेच तुमची वाट पाहत बसलेली. मी फोनवर विचारलं की आमच्याकडे का येत नाही, तर तुम्ही म्हणालात, उगीच तुम्हाला त्रास कशाला. विहीणबाई, इतक्या वर्षांत आमच्या त्रासाची काळजी तुम्हाला कधी वाटलेली मी पाहिली नव्हती, म्हणून मला तिथेच शंका आली. असो. मी आग्रह करणार नाही. आग्रह केला की तुमची मान आपोआप आडवी हलते. या पत्रात आमच्या बाथरूमला टाइल्स कशा बसल्या तेवढंच सांगायचं आहे. बाथरूम तुमच्यासाठी केली हे खरं. पण तुम्ही आला नाहीत तरी टाइल्स काही रुसून भिंतीवरून उतरणार नाहीत, त्यामुळे मनावर ओझं घेऊ नका.

तर आधी तिथे तो उंच काठाचा टब होता. तुम्ही एकदा त्याला बघून म्हणाला होतात की याच्यात उतरायला शिडी आणि निघायला पोलीस लागतील. तो काढला. त्याच्या जागी शॉवरचा ट्रे बसवला. ट्रे म्हणजे एक मोठी पांढरी परातच समजा, चौकोनी, काठ जेमतेम दोन बोटं. पाय उचलला न उचलला की माणूस आत. या परातीच्या दोन बाजूंना भिंती, त्यांना टाइल्स, आणि उरलेल्या दोन बाजूंना काच, म्हणजे पाणी बाहेर येत नाही. आधी ट्रे, मग टाइल्स, मग काच, असा क्रम असतो. प्रत्येक कामाला माणूस वेगळा, आणि प्रत्येकाचं म्हणणं मात्र एकच असतं, की आधीच्या माणसाने सगळं वाकडं करून ठेवलं आहे. ट्रेवाला म्हणाला घर बांधणाऱ्यांनी जमीन उतरती ठेवली. टाइल्सवाला म्हणाला ट्रेवाल्याला डोळे नाहीत. काचवाल्याचं पुढे येईलच.

टाइल्सच्या मिस्त्रीला आम्ही ‘बघू मिस्त्री’ म्हणतो, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो ‘बघू’ म्हणतो. उद्या येणार का, बघू. ही भिंत सरळ आहे का, बघू. चहा घेणार का, यालाही बघू, पण तेव्हा हात पुढे केलेला असतो. माणूस वाईट नाही, पण आपलं कुठलंही मत घराबाहेर पडू द्यायचं नाही अशी त्याला कोणीतरी शपथ घातलेली असावी. आणि तुमचे जावई हे दुसऱ्या टोकाचे. ऑफिसात दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून हात इतका बसला आहे की घरी आले की भिंतीतल्या चुका काढतात. शिवाय फोनवर टाइल्स बसवण्याचे व्हिडिओ पाहून त्यांना ते काम सोडून सगळं येऊ लागलं होतं. त्यांचं म्हणणं, टाइल्स ट्रेच्या काठापर्यंतच लावायच्या, पुढे रंग द्यायचा. ट्रे संपला की पाणी संपलं, मग टाइल्स कशाला. मिस्त्री म्हणाला, बघू. पण त्या ‘बघू’चा सूर मला वेगळा वाटला, म्हणून चहा देताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तेव्हा बोलला. काचेची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीवर बरोबर ट्रेच्या काठाशी उभी राहते. टाइल तिथेच संपली तर पट्टी अर्धी टाइलवर नि अर्धी रंगावर, मधे टाइलच्या जाडीएवढी पायरी, पट्टी डुगडुगणार आणि पाणी तिच्या मागून वाट काढणार. म्हणून टाइल काठाच्या पुढे चांगली वीतभर न्यायची. मी हे रात्रीच्या जेवणाला सांगितलं, तर तुमचे जावई म्हणाले, मी तेच म्हणत होतो. (ते तेच म्हणत नव्हते. हे वाक्य तुमच्या लेकीने फार पटकन लिहिलं.)

आता तुमच्या चपलांची गोष्ट. त्या परातीत भिंतीला लावलेली एक बसायची फळी करायची ठरली, पाठीशी भिंत, बाजूला धरायला दांडा, म्हणजे तुम्हाला बसून अंघोळ करता येईल. पण ती भिंत आतून पोकळ आहे, बोटाने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखी वाजते. तिच्यावर माणूस बसवायचं तर टाइल्स लावायच्या आधी आत जाड लाकूड ठोकावं लागतं. आणि लाकूड एकदा टाइल्सच्या मागे गेलं की जिथे आहे तिथेच, फळी त्याच्यावरच येणार, बोटभरही वरखाली नाही. म्हणजे तुमचे पाय जमिनीला कुठे टेकतात ते आधी कळायला हवं. तुम्हाला विचारायची सोय नव्हती. कशासाठी, असं तुम्ही विचारलं असतंत, आणि पहिली टाइल लागायच्या आत नको म्हणून मोकळ्या झाल्या असतात. मग मी तुमच्या लेकीला म्हटलं, तू रोज दवाखान्यात जातेस, आई झोपली की टेपने मोजून आण. ती म्हणाली, दवाखान्यात पडलेल्या माणसाचं टेपने माप घेताना कोणी पाहिलं तर त्याला काय वाटेल. ते मात्र मला पटलं.

तेव्हा तुमच्या जावयांनी तोड काढली. बाहेरच्या खोलीत लग्नाचा फोटो आहे ना, त्यात तुम्ही नि मी शेजारी शेजारी उभ्या आहोत, मी हसते आहे आणि तुम्ही फोटोवाल्याला उभं कसं राहायचं ते सांगता आहात. तो फोटो खाली उतरवला. त्यात तुमचं डोकं माझ्या डोक्याच्या बरंच वर. जावयांनी फोटोच्या काचेवर पट्टी ठेवली, मला दाराच्या चौकटीला उभं करून माझ्या डोक्यावर पुस्तक ठेवलं, पेन्सिलीने खूण केली, कागदावर गुणाकार भागाकार झाले, आणि तुमच्या पायांची लांबी निघाली. मला वाटलं, या इतक्या उंच होत्या का? पण मग म्हटलं, असतील. तुम्ही बोलायला लागलात की खोलीतली सगळीच माणसं बुटकी वाटतात, त्यामुळे नुसत्या आठवणीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

लाकूड ठोकलं. टाइल्स लागल्या. मिस्त्रीचा हात खरंच सुरेख आहे. खालची पहिली ओळ ट्रेवर टेकवायची नाही, नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, दोन टाइल्सच्या मधे प्लास्टिकचे चिमुकले फुलीच्या आकाराचे तुकडे, लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा मधोमध आला की तोंडाने ‘हं’ एवढंच. सांधे भरून झाले, फळी बसली, आणि मिस्त्री मला म्हणाला, आजी, बसून पाहा. (तो मला आजी म्हणतो. त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.) मी चढून बसले. चढूनच म्हणायला हवं. पाय लोंबत होते, जसे पहिल्यांदा शाळेत बसवलेल्या पोराचे लोंबतात. मी शाळेत कधी गेले नाही, पण लोंबणारे पाय पाहिले आहेत. सगळे म्हणाले बरोबर आहे, विहीणबाई उंच आहेत. मग तुमची लेक तो फोटो परत टांगायला गेली, आणि खुंटीशी हात तसाच धरून उभी राहिली. मी विचारलं, काय गं. म्हणाली, आईने त्या दिवशी मावशीच्या उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या. टाचा किती उंच, असं जावयांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. तिने चार बोटं आडवी धरून दाखवली. जावई खुर्चीवर बसले. ती खुर्ची नेहमीच्या उंचीची होती म्हणून बरं.

मिस्त्रीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याने ऐकून घेतलं, हातातली थापी खाली ठेवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला. “भिंत वाकडी म्हणून टाइल्स फोडल्यात आजी, पाणी झिरपतं म्हणून फोडल्यात. चपलेपायी पहिल्यांदा फोडतोय.” आणि मग खांदे हलवत बराच वेळ हसला. तुमच्यामुळे एका माणसाला हसू आलं, तेवढं पुण्य तुमच्या नावावर धरा.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन करून विचारलं की तुमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलात की तुमचे पाय टेकतात का. तुम्ही म्हणालात, मी काय लहान मूल आहे? आणि फोन ठेवलात. तुमचा राग मी समजू शकते. पण आता कारण कळलं, तेव्हा सोडून द्या. फोनने काम होईना म्हणून तुमची लेक तुमचे कपडे आणायला म्हणून गेली आणि ती खुर्चीच टॅक्सीत घालून घेऊन आली. ती आम्ही परातीत उभी केली, मिस्त्रीने तिच्यावरून खूण केली, तेवढ्या भागातल्या टाइल्स फोडल्या, लाकूड खाली घेतलं, पुन्हा टाइल्स लावल्या. तोवर दुकानातला तो रंग संपलेला, मिळाल्या त्या किंचित पिवळट. फळीखाली आहेत, बसल्यावर दिसत नाहीत. खुर्ची मात्र अजून इथेच आहे. तुम्ही तुमच्या घरी गेलात तर काही दिवस उभ्यानेच जेवावं लागेल. हे मी मुद्दाम केलेलं नाही.

यापुढचं जरा नीट ऐका. (वाचा, म्हणजे तेच.) टाइल्स वाळल्यावर ट्रे आणि पहिली ओळ यांच्यामधली ती फट सिलिकॉनने भरायची असते. पण रिकामा ट्रे असताना भरली तर पहिल्याच अंघोळीला ट्रे वजनाने केसभर खाली दबतो, सिलिकॉन सुटतं आणि पाणी आत शिरतं. म्हणून आधी ट्रेवर वजन ठेवायचं, तो दबायचा तेवढा दबला की मग फट भरायची, आणि ते घट्ट होईपर्यंत वजन हलू द्यायचं नाही. वजन किती, असं तुमच्या जावयांनी विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, वापरणार त्या माणसाएवढं. तुमच्या लेकीने एक आकडा सांगितला. (तो इथे लिहायला ती तयार होती, मी लिहू दिलेला नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, मिस्त्रीला माहीत आहे, तेवढं पुरे.) सिमेंटचं एकच पोतं उरलं होतं, तेवढ्याने भागेना. जावयांना ऑफिस, तुमच्या लेकीला तुमच्याकडे यायचं. न हलता बसून राहण्यात नाव कमावलेली घरात मी एकटीच. तेव्हा त्या परातीत स्टूल ठेवलं, स्टुलावर मी, पायाशी पोतं, मांडीवर टाइल्सचं एक उरलेलं खोकं, आणि अशा रीतीने आम्ही तिघं मिळून एक तुम्ही झालो.

सबंध दिवस मी तुम्ही होते. सकाळी गंमत वाटली. मग तुमचे जावई निघताना दारात येऊन म्हणाले, ठीक आहेस ना? मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने तुमची लेक आली, ठीक आहात ना? पाणी हवं का? अवघडलं का? ती गेली तर ऑफिसातून फोन, त्यातही चित्र दिसणारा, हललीस नाहीस ना, जरा फोन खाली कर, ट्रे दाखव. शेजारीण हातोडी परत मागायला आली ती दाराला टेकून उभीच राहिली, आणि प्रदर्शनातली वस्तू बघावी तसं मला वरून खाली बघत आपल्या सुनेचं सगळं पुराण सांगून गेली. उठता येत नव्हतं, दार लावता येत नव्हतं, पाठ फिरवता येत नव्हती. त्यातल्या त्यात मिस्त्री बरा. तो येऊन बघायचा, पण माझ्याकडे नाही, फटीकडे. विहीणबाई, माझ्या अंगावर सगळे कपडे होते. वर शाल होती. तरी दुपारपर्यंत मला असं झालं की कोणी तरी मला एक पडदा आणून द्या. आणि तेव्हा मला तुमच्या ‘उगीच त्रास’चा अर्थ लागला. त्रास आमचा नव्हताच. आयुष्यभर एकटीने आत जाऊन, एकटीने नीटनेटकं होऊन बाहेर आलेलं माणूस, आणि आता दाराबाहेर कोणीतरी पाय बदलत उभं, झालं का, येऊ का, साबण सापडला का. तेही लेक नाहीतर जावई. तुम्ही नर्सबाईंना ‘माझ्या घरी’ का सांगितलंत ते मला कोणी समजावलं नाही, त्या स्टुलावर बसून कळलं.

म्हणून संध्याकाळी उतरल्या उतरल्या (मला दोघांनी धरून उतरवलं, पाय माझे राहिले नव्हते) मी पहिली गोष्ट विचारली ती दाराच्या कडीची. ट्रे आत यावा म्हणून दार काढलं होतं, परत बसवताना तुमच्या जावयांनी आतली कडीच लावली नव्हती. मुद्दाम. दोन म्हाताऱ्या माणसांची बाथरूम, कोणी पडलं तर दार फोडायचं का, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं कडी हवी. ते म्हणाले डॉक्टरही नको म्हणतात. मी म्हटलं डॉक्टरांच्या बाथरूमला कडी आहे का ते विचारून या. असं बरंच झालं. त्यांना राग आला की ते शांत होतात हे तुम्हाला माहीत आहे, तसे शांत होऊन म्हणाले, “आई, तू आत पडलीस तर आम्हाला कळणार कसं?”

मी म्हटलं, “आवाज होईल.”

त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की हे मी बोलायला नको होतं. काळजी त्यांचीही खोटी नाही. तुम्ही पडलात तेव्हा दार तोडून आत गेले होते ते तेच. शेवटी कडी आली, पण अटीवर. आत दोन माणसं असतील तर लावा, एकट्या माणसाने लावायची नाही. अंघोळीला कधी कोणी जोडीने जातं का, तेव्हा कडी दिल्यासारखीही झाली आणि न दिल्यासारखीही. अर्ज नामंजूर करायची ऑफिसातली पद्धत असेल ही. मी सही करत नसल्यामुळे मान डोलावली.

काचेच्या बाबतीत मात्र मी हटले नाही. त्यांना आरपार दिसणारी हवी होती, मी म्हटलं धुरकट. त्यांनी विचारलं, मग आत काय चाललंय ते दिसणार कसं, मी म्हटलं, त्यासाठीच. काचवाला मोठा हसरा माणूस, जिना चढतानाच बोलायला सुरुवात करतो. त्याने टाइल्सवर पट्टी धरून बघितली, सगळीकडे सपाट बसली, तेव्हा त्याला बोलायला काही उरलं नाही आणि तो जरा हिरमुसला. पट्ट्या ठोकल्या, काच चढवली, दार बसवलं, आणि आतून काचेवर शॉवर उडवून बाहेर पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एक थेंब आला. काचवाला लगेच म्हणाला, आधीच्या माणसाचं काम. आधीचा माणूस उरलेलं सामान न्यायला आला होता, तो नेमका त्याच्या मागे उभा. म्हणाला, बघू. मग दोघंही ओणवे होऊन त्या थेंबाकडे इतका वेळ बघत बसले की थेंब बिचारा वाळून गेला. परत आला नाही.

तर अशी ती बाथरूम झाली. काच लागल्यापासून मी रोज तीच वापरते. आत जाते, काचेचं दार ओढून घेते, पाणी सोडते, वाफ होते, काचेपलीकडे कोण उभं आहे ते कळत नाही आणि कोणाला मी कळत नाही. फळीवर बसलं की पाय टेकतात. तुमचे, म्हणजे. माझे अजून थोडे वरच राहतात. बाहेर आले की घरातले म्हणतात, आई कशी टवटवीत झाली. इतकं सोपं आहे की लहान मुलालाही जमेल. तुम्ही येणार नाही ते ठीकच आहे. मी फक्त माहिती दिली.

बाकी सगळं ठीक. गोळ्या वेळेवर घ्या, नर्सबाईंना त्यांचं काम त्यांच्या पद्धतीने करू द्या. तुमच्या लेकीचा तुम्हाला नमस्कार. तो ती स्वतः सांगेल म्हणून मी सांगणार नव्हते, पण तिने पेन खाली ठेवलं नाही म्हणून लिहायला लावते.

तुमची,
मुलीची सासू

ता. क. खुर्ची कुठल्याही परिस्थितीत मंगळवारच्या आधी परत मिळणार नाही. टॅक्सीवाले खुर्ची घेत नाहीत. येताना कशी घेतली, हे विचारू नये.

ता. क. दुसरा. वर मी रोज अंघोळ करते म्हटलं ते तुमच्या लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मला बरं वाटेना, म्हणून हे लिहायला सांगते आहे. मी आत जाते, पाणी सोडते, हे खरं. पण मी काचेच्या बाहेर असते. स्टुलावर बसून ओल्या फडक्याने अंग पुसते, डोकं बेसिनच्या नळाखाली धरते, पुरेसा वेळ गेला की पाणी बंद करते आणि टवटवीत होऊन बाहेर येते. पाणी सोडलं की त्या परातीत माझा पाय पडत नाही. ओली झाली की ती सगळी पांढरीच पांढरी दिसते, काठ कुठे संपला ते समजत नाही. रबराची चटई आहे, दांडा आहे, मिस्त्रीने स्वतः नाचून दाखवलं. मला सगळं कळतं, पायाला कळत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा धट्ट्याकट्ट्या, आणि तुम्ही पडलात. त्या दिवसापासून हे असं आहे.

तुमची लेक लिहायची थांबली आहे. माझ्याकडे बघत बसली आहे. म्हणाली, “मला का नाही सांगितलंत? मी आले असते ना आत.” मी म्हटलं, म्हणूनच. लिही.

ता. क. शेवटचा. आता मुद्द्याचं. कडीची अट तुम्ही वाचलीत. मला आत दुसरं माणूस हवं आहे, आणि ते मला धरणारं, पुसणारं, विचारणारं नको. काचेबाहेर स्टुलावर पाठ करून बसेल, कडी लावेल आणि कुठल्याही विषयावर अखंड बोलत राहील, म्हणजे मला आत कळेल की बाहेर कोणीतरी आहे. अखंड बोलणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे. मग तुम्ही आत, मी बाहेर. मला तेवढं बोलता येत नाही, मी आपली अधूनमधून खोकेन. घरात कोणालाही दारापाशी उभं राहायचं कारण उरणार नाही, आणि जावयांच्या अटीतलं एक अक्षरही मोडणार नाही.

तेव्हा सोमवारी नर्सबाईंनी विचारलं, कुठे जाणार, तर त्यांना सांगा की विहिणीकडे जावं लागतंय, ती बाई बरेच दिवस अंघोळ करत नाही.